तटस्थ कोण? : खडकीचे बिनतारी केंद्र आणि वाहकाची नीती

‘नेट न्यूट्रॅलिटी’ ही संज्ञा अमेरिकी विधिज्ञ टिम वू यांच्या २००३ सालच्या लेखामुळे रूढ झाली. मराठीत तिच्यासाठी ‘तटस्थता’ आणि ‘समानता’ असे दोन्ही शब्द वापरले जातात. हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असे वरवर वाटते. परंतु त्यांच्या पोटात दोन वेगळ्या नीतिकल्पना आहेत, आणि कोणता शब्द निवडला यावर पुढचा सारा युक्तिवाद अवलंबून राहतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाहाशी त्याचे नाते पाहणाऱ्याचे असते. भट्टनायकाने रसप्रतीतीच्या चर्चेत ताटस्थ्याचा पक्ष नाकारला तो याच अर्थाने : रस परक्याचा म्हणून दुरून कळत असेल, तर त्याचा आस्वाद संभवत नाही. आता, संदेश वाहून नेणारी कंपनी कोणत्या तटावर उभी असते? तिने प्रवाहाचे पात्र खोदलेले असते, त्यावर नाव तीच चालवते आणि उतारूंकडून पैसेही तीच घेते. नावाड्याला काठावरचा प्रेक्षक म्हणण्यात अर्थ नाही. ‘समानता’ हा शब्द अधिक प्रामाणिक आहे, परंतु तो लगेच दुसरा प्रश्न उभा करतो. समानता कोणाकोणात? ग्राहकाग्राहकांत, मजकुरामजकुरांत, की वाहून नेणाऱ्या कंपन्याकंपन्यांत?

साहित्याच्या सिद्धान्तनात हा प्रश्न फारसा आलेला नाही, आणि याचे कारण सिद्धान्तनाच्या रचनेतच शोधावे लागते. रोमान याकबसन यांनी भाषिक संज्ञापनाचे जे सहा घटक सांगितले, त्यांत वक्ता, श्रोता, संदेश, संदर्भ व संहिता यांच्याबरोबर ‘संपर्क’ हाही एक घटक होता. दोन माणसांना जोडणारी भौतिक वाहिनी, असा त्याचा अर्थ. पहिल्या पाच घटकांवर समीक्षेने ग्रंथालये भरली. सहाव्याच्या वाट्याला दूरध्वनीवरील ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ एवढेच उदाहरण आले. वाहिनी मोडू शकते, खरखरू शकते, हे या मांडणीला ठाऊक आहे. वाहिनीला मालक असतो, हे तिने विचारात घेतलेले नाही. लेखकाचा मृत्यू जाहीर झाला, वाचकाचा जन्म साजरा झाला. परंतु संहिता वाचकापर्यंत कोणी, कोणत्या दराने आणि कोणाच्या परवानगीने पोचवली, हा प्रश्न टपालखात्याचा समजून सोडून देण्यात आला.

या मालकाचा इतिहास पाहण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. पुण्याच्या उत्तरेकडील खडकी हे नाव सामान्यतः १८१७च्या लढाईमुळे, त्यानंतर वसलेल्या छावणीमुळे आणि दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे ओळखले जाते. याच खडकीत १९२७ साली हिंदुस्थानचे विलायतेशी जोडलेले पहिले ‘बीम’ पद्धतीचे बिनतारी प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. ग्रहण केंद्र दौंडला होते. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते या सेवेचे उद्घाटन झाले. तोपर्यंत परदेशी तार म्हणजे समुद्रतळावरून जाणारी केबलची तार, आणि केबल म्हणजे व्यवहारतः ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी व तिचा गोतावळा. मार्कोनी कंपनीच्या नव्या पद्धतीत लघुलहरी चहूकडे न उधळता परावर्तकांच्या साहाय्याने एका झोतात एकाच दिशेने सोडल्या जात. त्यामुळे शक्ती कमी लागे, खर्च कमी येई, आणि तारेचा दर केबलपेक्षा खाली आणता येई. विलायतेत ही केंद्रे सरकारी टपालखात्याने चालवली; हिंदुस्थानात मात्र सरकारी परवान्याखाली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी या खाजगी कंपनीने.

पुढे जे घडले ते आजच्या वाचकाला ओळखीचे वाटावे. स्वस्त वाहिनी आल्याबरोबर ग्राहक तिकडे वळले आणि केबल कंपन्यांचा धंदा बसू लागला. बाजाराच्या नियमाने पाहता महाग वाहिनीने दर उतरवावेत किंवा गाशा गुंडाळावा. तसे झाले नाही. १९२८ साली लंडनमध्ये साम्राज्याच्या बिनतारी व केबल व्यवहाराचा विचार करण्यासाठी परिषद भरली. बिनतारी संदेश कोणालाही आकाशातून टिपता येतो, केबलमधला सहजी टिपता येत नाही. म्हणून युद्धकाळासाठी केबल जगली पाहिजे, असा साम्राज्याच्या संरक्षणाचा युक्तिवाद तेथे निर्णायक ठरला. केबल व बिनतारी यांचे हितसंबंध एकत्र करून १९२९ साली एकच कंपनी उभी करण्यात आली. १९३४पासून ती ‘केबल अँड वायरलेस’ या नावाने ओळखली जाऊ लागली. टपालखात्याची बीम केंद्रेही तिला पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. हिंदुस्थानात याच धर्तीवर १९३२ साली इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी निघाली, आणि खडकीचा मनोरा व मुंबईच्या किनाऱ्यावरची केबल एका मालकीखाली आली. पाच वर्षांपूर्वी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असलेल्या दोन वाहिन्यांतून निवड करण्याची ग्राहकाची सोय संपली.

या व्यवहारात कोणाचा संदेश अडवला गेला नाही, कोणाची तार मुद्दाम मागे ठेवली गेली नाही. आजच्या परिभाषेत बोलायचे तर मजकुराच्या बाबतीत वाहक ‘तटस्थ’च होता. साधी, तातडीची, वृत्तपत्री अशा तारांच्या वर्गवाऱ्या होत्या आणि त्यांचे दर वेगळे होते, पण ते जाहीर होते. तरीही वाहिनीच्या रचनेतच एक निवड दडलेली होती. बीमला दिशा असते. खडकीचा झोत लंडनच्या रोखाने सोडलेला होता. पुण्याच्या आकाशातून तो कुठेही जाऊ शकला असता, पण गेला तो तेथेच. मजकुराबाबत निःपक्षपाती असणारी वाहिनी भूगोलाबाबत पक्षपाती असू शकते, ही गोष्ट तटस्थतेची व्याख्या केवळ मजकुराच्या अंगाने करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. आणि दुसरी गोष्ट अशी की येथे सरकार नियामक म्हणून मक्तेदारी रोखायला पुढे आले नाही. मक्तेदारी त्याच्या पुढाकारानेच जन्माला आली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १ जानेवारी १९४७ रोजी, हा सारा कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते स्थापन झाले. १९८६ साली त्याचेच विदेश संचार निगम झाले, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी याच निगमाने सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट खुले केले. खाजगी कंपन्यांना १९९८च्या अखेरीस परवानगी मिळेपर्यंत इंटरनेट म्हणजे निगम असेच समीकरण होते, आणि त्यानंतरही काही काळ परदेशाशी जोडणारा दरवाजा त्याच्याच हातात राहिला. राष्ट्राच्या मालकीची वाहिनी आपोआप निःपक्षपाती होईल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. अनुभव तसा नाही. इंटरनेटवरून दूरध्वनीसारखे बोलण्यास १ एप्रिल २००२पर्यंत मनाई होती, कारण त्यामुळे परदेशी दूरध्वनीचे उत्पन्न बुडाले असते. म्हणजे स्वस्त वाहिनीला महाग वाहिनीच्या रक्षणासाठी बांधून ठेवणे, हे १९२८चेच सूत्र नव्या मालकाने पाळले. १९९९ साली कारगिलच्या युद्धकाळात ‘डॉन’ या पाकिस्तानी दैनिकाचे संकेतस्थळ काही दिवस निगमाच्या जाळ्यावरून दिसेनासे झाले. त्याचे कारण युद्ध होते, हे मान्य करूनही एवढे उरते की वाचकाने काय वाचावे हे ठरवण्यासाठी वेगळ्या यंत्रणेची गरज पडली नाही; दरवाजा एकच असला की एक कडी पुरते.

मराठी वाङ्मयव्यवहाराला वाहकाच्या नियमांचा अनुभव याआधीच आलेला आहे, जरी त्याला त्या नावाने कोणी ओळखले नसले. १८९८च्या टपाल कायद्यात वृत्तपत्र म्हणून नोंदणी झालेल्या प्रकाशनांना सवलतीचा दर होता, आणि त्या नोंदणीसाठी दोन अटी होत्या : अंक एकतीस दिवसांहून अधिक अंतराने निघता कामा नये, आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ या प्रकाशनांना मराठीने दिलेले ‘अनियतकालिक’ हे नाव या अटींसमोर ठेवून पाहावे. नावातच अनियतता असलेले प्रकाशन त्या सवलतीत बसणार कसे? ही तरतूद कोणा कवीविरुद्ध केलेली नव्हती. नियत काळी निघणाऱ्या मजकुराला राज्य स्वस्तात वाहून नेत होते, हे लोकशाहीच्या दृष्टीने चांगलेच होते. परंतु कोणत्या प्रकारच्या मजकुराला मजकूर म्हणून मान्यता द्यायची, याची एक पूर्वकल्पना दराच्या कोष्टकात शिरलेली होती. मत पाहून भेद करणे आणि प्रकार पाहून भेद करणे या दोहोंत फरक आहे. पण प्रकाराची यादी करणाऱ्याच्या कल्पनेत जे बसत नाही, त्याच्या दृष्टीने तो फरक फार मोठा राहत नाही.

२०१५ साली भारतात जो वाद झाला त्याच्या मुळाशी अशीच एक यादी होती. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने फेब्रुवारी २०१५मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा सुरू केली. त्याच वर्षी तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. ज्या सहा राज्यांत ती प्रथम आली त्यांत महाराष्ट्र होता आणि ज्या भाषांत आली त्यांत मराठी होती. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या महाजालासाठी पैसे, असे तिचे स्वरूप. एप्रिलमध्ये एअरटेलने मजकूर पुरवणाऱ्या कंपनीने दर भरावा व ग्राहकाला ते स्थळ फुकट मिळावे, अशी योजना पुढे आणली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने चर्चेसाठी काढलेल्या मसुद्यावर दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली. उल्लंघनास दिवसाला पन्नास हजार, कमाल पन्नास लाख रुपये दंड ठेवला.

या निर्णयाच्या विरोधातला युक्तिवाद येथे पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो त्या वेळी पुरेसा मांडला गेला नाही. समर्थकांनी तो जाहिरातीच्या भाषेत मांडला आणि विरोधकांनी त्याला धंद्याचा कावा म्हणून उडवून लावले. युक्तिवाद असा : ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडे मिळत असताना, ज्यांच्याकडे सारे आहे त्यांनी समतेच्या नावाने ते थोडेही नाकारावे काय? खेड्यातल्या मुलीला हवामान, नोकरीच्या जाहिराती, विश्वकोश एवढे फुकट मिळणार होते. पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांनी संपूर्ण महाजालाच्या तत्त्वासाठी तिचा वाटा बंद केला. हा आरोप गंभीर आहे. देणाऱ्याचा हेतू शुद्ध नव्हता, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. दान देणाऱ्याच्या मनात काय आहे यावरून भुकेल्याने अन्न नाकारावे, असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही.

उत्तर शोधायचे तर खडकीचा झोत सुरू झाला त्याच वर्षाकडे, सह्याद्रीच्या पलीकडे महाडला जावे लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरच्या समुदायाने ते पाणी घेतले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. पुढचा दावा दहा वर्षे चालला. त्यातला कळीचा मुद्दा असा होता की हे तळे कोणाचे, आणि स्पृश्यांची वहिवाट अनादि आहे काय. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तशी प्राचीन वहिवाट सिद्ध झाली नसल्याचा निर्णय दिला.

ही तुलना जपून वापरली पाहिजे. महाजालावरचा दरभेद आणि अस्पृश्यता यांची यातना एका तागडीत तोलता येणार नाही. तसे करणारा एकीला फुगवतो आणि दुसरीला हलके करतो. तुलना आहे ती एका विचारापुरती. त्या तळ्याचे पाणी न मिळाल्याने कोणी मरणार होते अशातला भाग नाही, हे डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षाच्या अखेरीस महाडलाच स्पष्ट केले होते. पाणी दुसरीकडूनही मिळत होते. कदाचित कोणी ओंजळीत वरून ओतूनही दिले असते. मागणी पाण्याच्या प्रमाणाची नव्हती. सार्वजनिक म्हटलेल्या जागी स्वतःच्या हाताने पाणी घेण्याचा अधिकार आहे की नाही, ही होती. ‘थोडे तरी मिळते ना’ हा युक्तिवाद प्रमाणाच्या भाषेत बोलतो, आणि या मागणीला ती भाषा समजूच शकत नाही. फ्री बेसिक्सच्या यादीत बसण्यासाठी मजकूर ठेवणाऱ्यालाही कंपनीच्या तांत्रिक अटी मान्य कराव्या लागत. म्हणजे त्या खेड्यातल्या मुलीला वाचक म्हणून प्रवेश होता. उद्या तिने स्वतः काही लिहून मांडले असते, तर ते तिच्याच शेजारणीपर्यंत फुकट पोचवायचे की नाही, याचा निर्णय तिसऱ्याच्या हाती होता. आजच्या काळातले अनियतकालिक त्या यादीत कधीच दिसले नसते. ज्या कंपनीच्या जाळ्यावरून हे दान चालणार होते, तिने २०१७च्या अखेरीस आपली मोबाइलवरची व्हॉइस सेवा बंद केली, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे. दानाचे आयुष्य दात्याएवढे असते.

तरीही २०१६च्या निर्णयाने प्रश्न मिटला, असे म्हणता येत नाही. त्या मुलीला महाजाल मिळाले ते नियमामुळे मिळाले नाही. सप्टेंबर २०१६मध्ये रिलायन्स जिओने आपले जाळे सुरुवातीला फुकट व पुढे अत्यल्प दराने खुले केले, त्यामुळे मिळाले. आणि ते तुकड्यातुकड्याने नव्हे, संपूर्ण मिळाले. नियमाचा अक्षरही मोडला नव्हता. परंतु त्या दरयुद्धात एकेक कंपनी गळाली किंवा दुसरीत विलीन झाली, आणि आज देशातल्या मोबाइल ग्राहकांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक ग्राहक दोन कंपन्यांकडे आहेत. जुलै २०२४मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकदमच दर वाढवले. मजकुरामजकुरांत समानता आहे, वाहकांची संख्या मात्र बोटांवर मोजण्याइतकीही राहिलेली नाही. १९३२ साली स्वस्त व महाग वाहिन्या ठरवून एक केल्या गेल्या, येथे स्वस्ताईनेच इतरांना संपवले. मार्ग उलटे आहेत, पण ग्राहक जाऊन पोचतो तो त्याच ठिकाणी. भेदभाव न करण्याची अट एकट्या मालकावरही घालता येते, आणि ती पाळूनही तो एकटाच राहू शकतो.

अट घालणाऱ्याचे काय? सरकारने जुलै २०१८मध्ये प्राधिकरणाच्या शिफारशी स्वीकारल्या. अडवणे, मंद करणे, पसंतीची गती देणे या साऱ्याला परवान्याच्या अटींतच मनाई झाली. जगातील कडक नियमांत त्यांची गणना होते. अमेरिकेत २०१५ साली केलेले नियम २०१७ साली रद्द झाले, २०२४ साली पुन्हा आले आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने पुन्हा खोडले. ही धरसोड पाहता भारताची स्थिरता उठून दिसते. परंतु हे नियम कंपन्यांना बांधतात, राज्याला नव्हे. ऑगस्ट २०१९मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये महाजाल बंद करण्यात आले. जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनिश्चित काळाची बंदी अग्राह्य ठरवल्यानंतर ते मंद गतीने सुरू झाले, पण केवळ परवानगी दिलेल्या संकेतस्थळांपुरते. ती यादी दीडशेच्या आसपास स्थळांची होती, पुढे तीनशेवर गेली, आणि मार्चमध्ये ही पद्धत सोडून देण्यात आली. चार वर्षांपूर्वी ज्या राज्याच्या नियामकाने खाजगी कंपनीची यादी समतेच्या तत्त्वाने मोडली, त्याच राज्याने आता स्वतःची यादी केली. सुरक्षिततेची निकड खरी असू शकते, जशी १९२८ साली केबलच्या गुप्ततेची निकड खरी असू शकत होती. परंतु निकड कोणती खरी हे ठरवणारा आणि त्या निकडीचा लाभ घेणारा एकच असेल, तर त्याला तटस्थ म्हणण्यासाठी कोणता तट उरतो? १८८५च्या तार कायद्याची जागा २०२३च्या दूरसंचार कायद्याने घेतली; संदेश अडवण्याचा व सेवा थांबवण्याचा अधिकार मात्र दोन्हींत आहे.

विदेश संचार निगमातील पंचवीस टक्के भाग फेब्रुवारी २००२मध्ये टाटा उद्योगसमूहाला विकण्यात आला, आणि त्याबरोबर व्यवस्थापनही गेले. निगमाकडे तेव्हा पुणे, चेन्नई, कोलकाता व दिल्ली येथे मिळून सुमारे ७७३ एकर जादा जमीन होती; पुण्यातली जमीन खडकीच्या पलीकडे दिघीला आहे. वाहिनी विकली गेली तरी ही जमीन सौद्यातून बाहेर ठेवण्याची खबरदारी सरकारने घेतली, आणि बऱ्याच वर्षांनी ती हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया या वेगळ्या कंपनीकडे गेली. जमिनीची अट सौद्याच्या दिवशीच लिहिलेली होती. संदेशासंदेशांत भेद न करण्याची अट परवान्यात यायला त्यानंतर सोळा वर्षे लागली.